रक्त आलं नाही म्हणून थांबू नका : पिसाळलेलं जनावर, ओरखडा आणि लस

दुधनाकाठ (धागाकर्ता) :

मंडळी, हा धागा जरा घाईनं काढतोय. विषय थांबण्यासारखा नाही.

आमच्या शिवारातल्या एका आखाड्यावरची (शेतातल्या वस्तीवरची) गाय नुकतीच मेली. मरायच्या आधी तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. कडबा तोंडात घ्यायची पण गिळता यायचा नाही. आवाज घोगरा झाला होता, मागचे पाय लटपटत होते. मालकाला वाटलं, घशात काहीतरी अडकलंय. सालगड्यानं जबडा धरला आणि मालकानं कोपरापर्यंत हात घालून घसा चाचपला. घरातल्या बाईंनी बाटलीनं तेल पाजलं. जनावरांचे डॉक्टर आले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हिला कुत्रं चावलं होतं का?" तेव्हा कुठं आठवलं, की पोळ्याच्या सुमारास एक बाहेरचं कुत्रं गोठ्यात घुसलं होतं.

तिघांच्याही बोटांना कापूस वेचून चिरा पडलेल्या. तरी तिघांचं म्हणणं एकच : आम्हाला कुत्रं चावलंच नाही, तर कुत्र्याची सुई कशाला? तालुक्याला न्यायला बरीच समजूत घालावी लागली.

आपल्याकडं रेबीज म्हटलं की एकच चित्र डोळ्यांपुढं येतं : जीभ बाहेर काढून धावणारं कुत्रं आणि मांडीचा तोडलेला लचका. तसा चावा झाला तर माणूस आपण होऊन दवाखान्यात जातो. घोटाळा होतो तो बारक्या जखमेत. पिल्लानं खेळता खेळता दात लावला, मांजरीनं बोचकारलं, गाईची लाळ चिरेला लागली, त्याला कोणी जखम म्हणतच नाही. हा विषाणू असतो लाळेत. कातडी थोडी फाटलेली असली किंवा लाळ डोळ्यात, ओठांना लागली, की त्याला वाट मिळते. मग तो नसांवाटे मेंदूकडं सरकतो. बहुतेकदा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडाभरात, कधी वर्षानं. लक्षणं सुरू झाली की माणूस वाचत नाही. त्याआधी वेळेवर पुरे उपचार घेतले तर जवळजवळ नक्की वाचतो. असं असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं यानं जातात, आणि त्यांतली दहातली चार १५ वर्षांच्या आतली लेकरं असतात.

इथं कोणी डॉक्टर असतील, कोणाला अनुभव असेल, तर जरूर लिहा. गावात वाचून दाखवता येईल असं लिहा.

मन्याड :

दुधनाकाठ, त्या तिघांना नेलंत ते फार चांगलं केलंत. मी नांदेड जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे.

पहिला उपचार घरीच करायचा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम १५ मिनिटं धुवायची, घड्याळ बघून. साबण कपड्याचा असला तरी चालतो. या विषाणूवर चरबीचं वेष्टण असतं, ते साबणानं विरघळतं आणि विषाणू तिथंच निकामी होतो. शेतात नळ नसेल तर बोअरच्या पाइपाखाली हात धरा, नाहीतर एकानं घागरीनं पाणी ओतत राहावं. मग बेटाडिन असेल तर लावा. पट्टी बांधू नका. माझ्याकडं जखमा येतात त्या हळद, चुना, तंबाखू, मिरचीपूड भरलेल्या. ते खरवडून धुताना लेकरं किंचाळतात, आणि तोवर धुण्याची मोलाची वेळ निघून गेलेली असते.

मग आम्ही जखमेची वर्गवारी करतो. धड कातडीवर चाटलं किंवा नुसता हात लावला, तर धुवून टाका, लस लागत नाही. रक्त न येता ओरखडा उठला, उघड्या अंगाला दात घासला, तर लस. कातडी फुटून रक्त आलं, फुटलेल्या कातडीवर चाटलं किंवा लाळ डोळ्यात-तोंडात गेली, तर लस आणि सोबत सिरम. रक्ताचा एक थेंब दिसला तरी ती तिसऱ्या वर्गाची जखम. तुमच्या त्या तिघांचे चिरलेले हातही तिसऱ्याच वर्गात.

सिरमबद्दल लोकांना फार कमी माहिती असते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. लस टोचल्यावर शरीराला स्वतःच्या अँटीबॉडी तयार करायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात विषाणू पुढं सरकू नये म्हणून तयार अँटीबॉडी थेट जखमेत आणि जखमेच्या कडेनं टोचतात. हे सिरम वजनावर असतं. घोड्यापासून काढलेलं असेल तर किलोमागं ४० युनिट, माणसाच्या रक्तातलं असेल तर २०. आता प्रयोगशाळेत बनवलेल्या अँटीबॉडीही मिळतात. बोटात सुई घातली की दुखतं, हे खरंच आहे. पण डॉक्टर जखमेत टोचतायत म्हणून हात ओढून घेऊ नका, ते तिथंच द्यायचं असतं. पहिल्या दिवशी मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर लशीच्या पहिल्या डोसापासून सात दिवसांपर्यंत देता येतं. त्यानंतर देत नाहीत.

टाके घालायचा आग्रह धरू नका. या जखमा शक्यतो उघड्याच ठेवतात. घालावेच लागले तर आधी सिरम, मग सैल टाके. धनुर्वाताची सुई वेगळी असते. ती घेतली म्हणजे रेबीजची घेतली असं होत नाही. हा गैरसमज मी आठवड्यातून कितीदा तरी ऐकतो.

तेरणा :

डॉक्टर, आमच्याकडं (उमरगा भाग) म्हातारी माणसं अजून पोटातल्या १४ सुयांचं भय घालतात. त्या भयानं लोक दडवतात.

मन्याड :

तेरणाताई, ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती. भारतात ती २००४ अखेर बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात दोन्ही दंडांत कातडीत बारीक सुई देतात : ज्या दिवशी सुरू केली तो ० दिवस, मग ३, ७ आणि २८. खाजगीत बहुधा स्नायूत देतात, तेव्हा ०, ३, ७, १४ आणि २८. लहान लेकरांना स्नायूत द्यायची तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला. कमरेत कोणी द्यायला लागलं तर थांबवा, तिथं ती नीट लागू पडत नाही.

लेकुरवाळी :

नमस्कार. औशाजवळ राहते. आमच्याच घरातल्या मांजरीच्या पिल्लानं माझ्या चार वर्षांच्या लेकीच्या गालावर बोचकारलं. केसाएवढी रेघ आहे, ठिपक्याएवढं रक्त आलं होतं. परवाची गोष्ट. मलाही त्याच दिवशी मनगटावर ओरखडा आला, रक्त नाही. मला आठवा महिना आहे. सासूबाई म्हणतात, घरचं मांजर आहे, इंजेक्शन पोटातल्या बाळाला बाधेल. काय करू?

मन्याड :

ताई, हे वाचाल तेव्हा आवरायला लागा आणि दोघी आजच जा. मांजर बाहेर फिरतं, उंदीर मारतं, दुसऱ्या मांजरांशी भांडतं. ते घरचं आहे एवढ्यावर काही ठरत नाही. लेकीची जखम चेहऱ्यावर आहे, तिथून मेंदू जवळ, म्हणून तिला लस आणि सिरम दोन्ही लागेल. परवाची जखम आहे म्हणून उशीर झाला असं समजू नका. महिना झाला असता तरी मी हेच सांगितलं असतं. तुम्हाला लस. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, तान्हं बाळ, कोणालाही ही लस वर्ज्य नाही. सासूबाईंना सोबत घेऊन जा, त्यांना तिथले डॉक्टर समजावतील.

पिल्लाला हाकलून देऊ नका, घरातच बंद करून ठेवा. कुत्रं किंवा मांजर चावल्यापासून १० दिवस धडधाकट राहिलं, तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरता येतं, आणि पुढचे डोस थांबवायचे का हे डॉक्टर ठरवतात. पण ते १० दिवस वाट बघून मग लस सुरू करायची असं नाही. लस आज सुरू, नजर त्याच्या जोडीनं. ही १० दिवसांची अट कुत्र्या-मांजरापुरतीच आहे. माकड, कोल्हा, मुंगूस, गाय, म्हैस यांना ती लावायची नाही.

बालाघाट :

सगळं खरं असेल, पण आमच्या डोंगरातल्या एका गावात पिढ्यान् पिढ्या मुळी देतात. सात विहिरींत डोकावायचं, पथ्य पाळायचं. माझ्या डोळ्यांदेखत कित्येक जण बरे झाले. गोरगरिबानं प्रत्येक वेळी तालुक्याला जायचं कसं?

तेरणा :

बालाघाट दादा, तुमची कळकळ समजते. पण एक विचार करा. चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं. कोणी पिल्लाला हात लावला म्हणून चावतं, कोणी शेपटीवर पाय दिला म्हणून. अशा कुत्र्यानं चावलेल्या माणसाला काहीही दिलं, नाही दिलं, तरी तो जगणारच होता. मुळीचं नाव होतं ते अशा माणसांमुळं. ज्याला खरंच पिसाळलेलं चावलं, तो महिन्या-दोन महिन्यांनी जातो, आणि तेव्हा घरचे म्हणतात पथ्य मोडलं असेल.

मी हे वाचून सांगत नाहीये. आमच्या गल्लीतल्या एका मुलाला पिल्लानं हाताच्या पाठीला दात लावला होता. मुळी झाली, विहिरी झाल्या. जखम भरून आली. दीड-दोन महिन्यांनी तो म्हणू लागला, इथं मुंग्या येतायत. ताप आला. मग पाणी पिईना. त्याला तहान लागायची, तो स्वतः पाणी मागायचा, पण तांब्या ओठाजवळ आला की घसा आवळायचा आणि मान मागं जायची. पंखा लावला तरी अंग झटकायचा. मधेच पूर्ण शुद्धीवर, आईला नावानं हाक मारायचा. आम्ही सगळे बघत होतो आणि कोणाच्या हातात काहीही नव्हतं. त्या पिल्लाला सुद्धा गावातल्या लेकरांनी लाडानं भाकरी चारलेली होती, नंतर सगळ्यांना सुया द्याव्या लागल्या.

सरकारी दवाखान्यात ही लस फुकट आहे, दादा. जायचं भाडं नसेल तर गावात वर्गणी काढू, पण मुळीवर सोडू नका.

बालाघाट :

ताई, हे असं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. आमच्या ग्रामपंचायतीत हा धागा वाचून दाखवतो. मुळी देणारे आजोबा चांगले आहेत, पैसे घेत नाहीत. त्यांनीच येणाऱ्याला साबणानं धुवायला लावून दवाखान्यात पाठवावं, असं त्यांना विनवणार आहे. त्यांचं लोक ऐकतात.

गोठादवाखाना :

मी पशुवैद्यक. शिक्षण परभणीला, नोकरी लातूर जिल्ह्यात. दुधनाकाठ यांनी लिहिलेलं गाईचं वर्णन अगदी तंतोतंत आहे. त्यात थोडी भर घालतो.

जनावर पिसाळलं म्हणजे ते अंगावरच येईल असं नाही. काही गाई-म्हशी शिंगं मारतात, खुंटा चावतात, सारख्या हंबरतात. काही मात्र नुसत्या शांत पडतात, खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही, लाळ गळते, शेण-मूत्रासाठी सारख्या कुंथतात. या दुसऱ्या प्रकारात माणूस फसतो, कारण जनावर आजारी, केविलवाणं दिसतं आणि आपण मायेनं त्याच्या तोंडात हात घालतो. लाळ गळतेय आणि गिळता येत नाही असं दिसलं की हात घालायचा नाही, आधी आम्हाला फोन करायचा. आम्ही सुद्धा हातमोजे घातल्याशिवाय तोंड उघडत नाही. लाळ्या-खुरकूत असेल तर जिभेवर, खुरांत फोड दिसतात. पण तो फरक आम्हाला करू द्या.

दुधाचा प्रश्न हमखास येतो. उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही, विषाणू उष्णतेनं मरतो. पिसाळलेल्या जनावराचं कच्चं दूध प्यायलात तर घाबरून सगळं गाव घेऊन धावू नका, डॉक्टरांना विचारा. खरी जोखीम धार काढणाऱ्याला, पाजणाऱ्याला आणि वासराला. मेलेल्या जनावराचं कातडं सोलू नका, डोकं फोडू नका, खोल खड्डा घेऊन पुरा.

आणि गोठ्यातल्या जनावराला कुत्रं चावल्याचं दिसलं, तर त्याची जखमही तशीच साबणानं धुवा आणि आम्हाला बोलवा. जनावरालाही चावल्यानंतरचे डोस असतात : ०, ३, ७, १४, २८. लाळ गळायला लागल्यावर मात्र आमच्याही हातात काही राहत नाही. गाय लाखाच्या घरात गेलीय, सुया त्या मानानं काहीच नाहीत.

सिंदफणा :

मी आशा ताई आहे, बीड जिल्ह्यात. आमच्याकडचा वेगळा प्रश्न सांगते. दिवाळीनंतर गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. उसाच्या फडात कोल्हे, मुंगूस, रानमांजर असतंच. कोप्यांच्या (तोडकऱ्यांच्या झोपड्यांच्या) भोवती कुत्री असतात आणि लेकरं दिवसभर त्यांच्यातच. चावलं तर मुकादम म्हणतो, गावी गेल्यावर बघू. नाहीतर एक सुई होते आणि तोवर टोळी दुसऱ्या कारखान्याला जाते. माझ्या गावातल्या बायांना मी जाण्याआधीच सांगते : पहिल्या सुईला जे कार्ड मिळतं ते आधार कार्डासारखं जपा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पुढची सुई पश्चिम महाराष्ट्रात असा की कर्नाटकात, जवळच्या सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवून घ्या. गाव बदललं म्हणून नव्यानं सुरू करायची नसते. बरोबर ना डॉक्टर?

मन्याड :

अगदी बरोबर. एखादी तारीख चुकली तरी पहिल्यापासून सुरू करत नाहीत, राहिलेले डोस पुरे करतात. पण पहिले तीन डोस शक्यतो चुकवू नका. सिंदफणाताई, तुम्ही हे जाण्याआधी सांगता, हे आमच्या चार पोस्टरांपेक्षा कामाचं आहे.

कयाधूकाठ :

सगळं पटतं, पण जमिनीवरची अवस्थाही लिहा. माझ्या वडिलांना पायाला चावा, रक्त भरपूर. पहिल्या दवाखान्यात लस होती, सिरम नव्हतं. चिठ्ठी दिली, दुसरीकडं पाठवलं. तिथं म्हणाले, उद्या या. कोणी नीट बोलत नव्हतं. शेवटी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मिळालं. ७० वर्षांच्या माणसाला असं फिरवायचं का?

मन्याड :

कयाधूकाठ भाऊ, तुमचा राग रास्त आहे. सिरम बऱ्याचदा जिल्हा रुग्णालय, मेडिकल कॉलेज आणि काही उपजिल्हा रुग्णालयांतच असतं, आणि लोक मधल्या मधे अडकतात. म्हणून सांगतो : पहिल्या दवाखान्यात लस टोचून घ्याच, सिरम नाही म्हणून लस पुढं ढकलू नका. तिथून निघण्याआधी डॉक्टरांनाच फोन करायला लावा, सिरम कुठं शिल्लक आहे ते विचारून मगच गाडीत बसा. चिठ्ठीवर "तिसरा वर्ग, सिरम दिलेलं नाही" असं लिहून घ्या. अंबाजोगाई, नांदेड, लातूर, संभाजीनगरची घाटी ही मोठी सरकारी रुग्णालयं या भागाला आहेत, जे जवळ असेल तिकडं चौकशी करा. बाहेरून विकत आणायची वेळ आलीच तर लस आणि सिरम दोन्ही बर्फाच्या डब्यातून आणा, त्यांना २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात डिकीत टाकून आणलेली लस घेण्यात अर्थ नाही.

खडकपूर्णा :

मूळ दुखण्यावर कोणी बोलत नाही. कुत्री संपवा, प्रश्न संपेल. आमच्या गल्लीत संध्याकाळी पोरं खेळू शकत नाहीत.

गोठादवाखाना :

खडकपूर्णा, पोरांच्या काळजीपोटी लिहिलंय हे दिसतं. पण मारून प्रश्न सुटलेला नाही. मारलेल्या कुत्र्यांच्या जागी शेजारच्या शिवारातली, लस नसलेली येतात. कळपातल्या ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस दिली की रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोव्यानं तेच चिकाटीनं केलं आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. सर्वोच्च न्यायालयानंही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडायला सांगितलं. पिसाळलेली, तसा संशय असलेली आणि हल्लेखोर कुत्री मात्र सोडायची नाहीत. नगरपालिकेला, ग्रामपंचायतीला याच कामासाठी धरून बसा, मी तुमच्या बाजूनं येईन. पाळलेल्या कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली लस, मग दरवर्षी. आपल्या आखाड्यावरच्या राखणीच्या कुत्र्याला ती किती जण देतात? तिथून सुरुवात करू या.

खडकपूर्णा :

ठीक आहे. आमच्याकडं शिबिर घ्यायचं तर कोणाला भेटायचं?

गोठादवाखाना :

पंचायत समितीत पशुधन विकास अधिकारी. गावातली पाळीव आणि भटकी कुत्री साधारण किती, याची यादी घेऊन जा. यादी हातात असली की लशींची मागणी पटकन जाते. कुत्री धरायला ओळखीची माणसं लागतील, जी रोज भाकरी टाकतात ती. त्यांच्या हातून कुत्री सहज येतात. आणि जी माणसं हे काम करतील त्यांना आधीच लस द्या : ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. त्यांना पुढं कधी चावलं तर जखम धुवून फक्त ० आणि ३ असे दोनच डोस लागतात, सिरम लागत नाही.

लेकुरवाळी :

डॉक्टर, दोघींचं झालं. लेकीच्या गालात सिरम देताना तिला धरवत नव्हतं, सासूबाईंनीच मांडीवर घट्ट धरलं. पिल्लू न्हाणीघरात बंद आहे, अजून नीट खातंय. आता तिची तिसऱ्या दिवसाची सुई रविवारी येते आणि तिथल्या सिस्टर म्हणाल्या, रविवारी ओपीडी बंद. सोमवारी चालेल का?

मन्याड :

ताई, रविवारीच घ्या. ओपीडी बंद असली तरी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाचा अपघात विभाग उघडा असतो, तिथं कार्ड दाखवा. शनिवारीच एक फोन करून लस तिथं आहे का विचारून ठेवा. काहीच जमलं नाही तर सोमवारी सकाळी पहिल्या नंबरला जा. पिल्लाला खायला देताना हातात जाड फडकं घ्या, आणि ते खायचं बंद झालं किंवा मेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.